चावी कोणाकोणाला द्यावी? प्रोग्रॅमरच्या एडिटरमधील प्लगिनसंबंधी

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या गावांत ज्यांच्या घरी दोन-दोन पिढ्या माग चालले, त्यांच्या घरची मुले आज कॉम्प्युटरसमोर बसून प्रोग्रॅम लिहीत आहेत. कोणी यंत्रमागाच्या उत्पादनाची नोंदवही कॉम्प्युटरवर आणून देतो, कोणी १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या जीएसटीची बिले काढण्याचा प्रोग्रॅम बनवतो, तर कोणी पुण्यात किंवा बंगलोरला नोकरी धरून आहे. या पानावर सुताचे भाव आणि कापडाची उचल यांची चर्चा व्हायची, मग एडिटर आणि प्लगिन हा विषय येथे कशाला, असे काही बंधू विचारतील. त्याचे कारण असे की, आपल्या पेढीचे खाते, पार्टीकडची उधारी, कारागिरांची मजुरी हे सारे आपण ज्या मुलाच्या हाती सोपवतो, त्याच्या मेजावर कोणती हत्यारे आहेत आणि ती कोणाकडून आलेली आहेत, हे पाहण्याचा आपल्याला पुरेपूर हक्क आहे. ज्याचा स्वतःचा मुलगा हे काम करतो, त्याने तर हे आधी समजून घ्यावे. आम्ही स्वतः कापडाच्या धंद्यातले. प्रोग्रॅम लिहिणे हे आमचे काम नव्हे. पण माल पारखणे आणि माणूस पारखणे एवढे तरी या धंद्याने आम्हाला शिकवले आहे, आणि प्लगिन निवडताना नेमके तेच लागते, असे या मुलांजवळ बसून विचारपूस केल्यावर आमच्या ध्यानात आले.

आधी एडिटर म्हणजे काय ते पाहू. प्रोग्रॅम हा शेवटी लिहिलेला मजकूरच असतो. तो ज्याच्यात लिहितात त्याला टेक्स्ट एडिटर म्हणतात. पत्र टाइप करण्याचा वर्ड वेगळा. त्यात अक्षर ठळक करणे, समास सोडणे असा सजावटीचा मामला असतो. एडिटरमध्ये निव्वळ अक्षरे असतात, जशी लिहिली तशी. आता या एडिटरला ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे बाहेरून जोडसामान लावता येते. कोणी फाइली डाव्या बाजूला यादीसारख्या दाखवतो, कोणी चूक झाली की लाल रेघ मारतो, कोणी अर्धा शब्द लिहिला की पुरा करून देतो. या जोडसामानाला प्लगिन म्हणतात. काही एडिटरांत त्यालाच एक्स्टेंशन किंवा पॅकेज असे नाव आहे.

आपल्या लोकांना हे समजायला कठीण नाही. साध्या मागावर साधे कापड निघते. त्याला डॉबी लावली की बारीक नक्षी काढता येते. जकार्ड चढवले की मोठी वेलबुट्टी निघते. पण जकार्ड चढवले की मागाची चाल मंद होते, छताला उंची लागते, कार्डे पाडणारा वेगळा कारागीर लागतो, आणि एक दोरी अडकली तर माग उभा राहतो. ज्याला लट्ठा विणायचा आहे त्याने जकार्ड कशाला बसवावे? (जाता जाता सांगायचे तर, १८०४ च्या सुमारास फ्रान्समधल्या जोसेफ मारी जकार्ड याने भोकांच्या कार्डांवर चालणारा जो माग काढला, त्या कार्डांची कल्पना पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या हिशेबी यंत्राच्या आराखड्यात घेतली. तेव्हा कॉम्प्युटर नात्याने आपल्याच धंद्यातला आहे.)

एडिटरांत दोन खानदाने जुनी आहेत. १९७६ मध्ये अमेरिकेत बर्कली येथे बिल जॉय याने व्हीआय नावाचा एडिटर लिहिला, आणि त्याच वर्षी एमआयटीमध्ये रिचर्ड स्टॉलमन व गाय स्टील यांच्या हातून इमॅक्स उभा राहिला. आज चालतो तो जीएनयू इमॅक्स १९८५ चा. व्हीआयच्या वंशातला व्हिम हा हॉलंडच्या ब्राम मूलेनार यांनी १९९१ मध्ये लोकांना दिला. तो फुकट आहे, मात्र ज्याला पटेल त्याने युगांडातील गरीब मुलांसाठी मदत करावी अशी विनंती त्याच्या पहिल्याच पडद्यावर दिसते. अलीकडच्या काळात मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ कोड, ज्याला मुले व्हीएस कोड म्हणतात, सर्वत्र पसरला आहे. तो २०१५ मध्ये जाहीर झाला. त्याच्या थोडे आधी गिटहब कंपनीचा ॲटम आला होता, त्याची गोष्ट पुढे येईल. या साऱ्यांत समान बाब ही की, मूळ एडिटर एकाने बनवला आणि त्याचे जोडसामान हजारो परक्या लोकांनी. ते बहुतेक फुकट मिळते. बटण दाबले की अर्ध्या मिनिटात बसते. तरुण मुलगा एका बैठकीत चाळीस प्लगिन बसवून मोकळा होतो.

येथेच आम्हाला थांबून बोलायचे आहे.

व्हीएस कोडचे एक्स्टेंशन घ्या. ते बसवले की त्याला तेच अधिकार मिळतात जे खुद्द एडिटरला आहेत. म्हणजे त्या कॉम्प्युटरवर तो मुलगा ज्या ज्या फाइली उघडू शकतो, त्या सर्व ते वाचू शकते. ते दुसरे प्रोग्रॅम चालवू शकते, इंटरनेटवर काही पाठवू शकते. मोबाइलमध्ये ॲप निदान विचारते की कॅमेरा वापरू का, नंबर पाहू का. येथे तसे दार-दरवाजे नाहीत. व्हिम आणि इमॅक्स यांचेही तेच. प्लगिन म्हणजे दुसऱ्या कोणी लिहिलेला प्रोग्रॅम, तो आपल्या घरात आपल्याच नावाने चालतो. २०२१ मध्ये व्हीएस कोडमध्ये एक सोय आली, अनोळखी फोल्डर उघडला तर तो मर्यादित पद्धतीने उघडायचा. चांगली सोय आहे. पण ती परक्या फोल्डरपासून बचाव करते. एक्स्टेंशनच जर बेइमान निघाले तर ते ही मर्यादा जुमानत नाही, असे त्यांच्याच माहितीपत्रकात लिहिले आहे. गोदामाची चावी ज्या नोकराच्या कमरेला आहे त्याला कुलूप दाखवून काय उपयोग?

आता ही नुसती भीती नाही, हे दाखवण्यासाठी घडलेल्या गोष्टी सांगतो.

ॲटम एडिटरमध्ये मिनीमॅप नावाचे एक फार आवडते प्लगिन होते. लांबलचक फाइलचे छोटे चित्र ते उजव्या कडेला दाखवायचे, कापडाच्या ताग्याला लावलेल्या नमुन्याच्या पट्टीसारखे. एवढेच त्याचे काम. काईट नावाची अमेरिकन कंपनी होती. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला पुढचे शब्द सुचवण्याचा तिचा धंदा, आणि त्यासाठी लिहिणाऱ्याचा कोड त्या काळी कंपनीच्या सर्व्हरवर जायचा. या कंपनीने मिनीमॅपच्या लेखकाला नोकरी दिली. त्यानंतर मिनीमॅपमध्ये काईटकडे नेणाऱ्या जोडण्या दिसू लागल्या. ज्यांनी केवळ छोटे चित्र पाहण्यासाठी ते बसवले होते, त्यांच्या मेजावर दुसऱ्याच्या दुकानाची पाटी लागली. पायथॉन भाषेचे शब्द पुरे करणारे दुसरे एक प्लगिनही याच कंपनीच्या ताब्यात गेले, आणि त्यात काईटचा माल पुढे करण्यात आला. २०१७ मध्ये हे लोकांच्या लक्षात आले आणि मोठी ओरड झाली. कंपनीने माफी मागितली व मिनीमॅपमधली भर काढून टाकली. पुढे २०२२ मध्ये काईटने आपला कारभार गुंडाळल्याचे जाहीर केले.

या प्रकरणात चोरी झाली असे कोणी म्हणत नाही. पण धंद्याच्या दृष्टीने आम्हाला ते चोरीहूनही जास्त विचार करण्यासारखे वाटते. मुलाने ज्याच्यावर भरवसा ठेवला तो लेखक भला माणूस होता. प्लगिन जुने होते, नावाजलेले होते. बदलला तो फक्त मालक, आणि मालक बदलल्याची वर्दी गिऱ्हाइकाला कोणी दिली नाही. आपल्याकडे पेढीचा हात बदलला की बाजारात आठ दिवसांत बातमी फिरते. येथे एक रात्री नवी आवृत्ती आपोआप उतरते आणि सकाळी तुमच्या गादीवर दुसराच मुनीम बसलेला असतो.

२०१८ मध्ये याच चालीवर खरोखरीची चोरी झाली. ती एडिटरच्या प्लगिनमध्ये नव्हती, तर प्रोग्रॅमांत वापरल्या जाणाऱ्या इव्हेंट-स्ट्रीम नावाच्या तयार तुकड्यात होती. मूळ लेखकाचा त्यातला रस संपला होता. एका अनोळखी माणसाने मदत करतो म्हटले, लेखकाने कारभार त्याच्या हाती दिला, आणि त्या माणसाने बिटकॉइनचे पाकीट फोडणारा कोड त्यात घुसवला.

नावाच्या नकलेचाही मामला आहे. कापडाच्या बाजारात नामी मिलच्या छापात एक अक्षर फिरवून माल खपवणारे आपण सर्वांनी पाहिले आहेत. व्हीएस कोडमध्ये ड्रॅक्युला नावाची एक लोकप्रिय रंगसंगती आहे. २०२४ मध्ये इस्रायलच्या काही संशोधकांनी धोका दाखवून देण्यासाठी मुद्दाम डार्क्युला या नावाने नकली एक्स्टेंशन बाजारात ठेवले, आणि ते मोठमोठ्या कंपन्यांतल्या लोकांनीही बसवून घेतले. त्यांनी तशाच नावाची वेबसाइट विकत घेऊन आपल्या नावापुढे निळी खूणही मिळवली होती. ही निळी खूण पाहून मुले निश्चिंत होतात. वास्तविक ती एवढेच सांगते की, अमुक वेबसाइट या माणसाच्या मालकीची आहे. माल कसा आहे हे ती सांगत नाही. दुकानाच्या पाटीवर नोंदणी क्रमांक आहे म्हणून कापडाचा रंग पक्का ठरतो काय? २०२५ च्या ऑक्टोबरात तर ओपन व्हीएसएक्स या दुसऱ्या एक्स्टेंशन-बाजारात असा माल सापडला, ज्यातला घातक कोड डोळ्यांना न दिसणाऱ्या अक्षरांत लिहिलेला होता. माणसाने फाइल उघडून पाहिली तरी तेथे कोरी जागाच दिसावी. उतरलेल्या आकड्यांवरूनही माल ओळखू नये. ते आकडे फुगवता येतात.

हे ऐकून काही वडीलधारी मंडळी म्हणतील, मग प्लगिनच नको. असे म्हणणे बरोबर नाही. डॉबीशिवाय ज्याचा माल खपत नाही त्याने डॉबी लावलीच पाहिजे. प्रश्न कोणती, किती आणि कोणाकडून, एवढाच आहे.

आमच्या मते पहिली गोष्ट, घरात काय आहे ते आधी पाहावे. व्हीएस कोडमध्ये कंसांच्या जोड्या वेगवेगळ्या रंगांत दाखवणारे एक एक्स्टेंशन लाखो लोक वापरीत. मोठी फाइल उघडली की ते एडिटरला फार मंद करी. २०२१ मध्ये तीच सोय व्हीएस कोडच्या करणाऱ्यांनी मूळ एडिटरातच घातली, पुष्कळ वेगवान करून. एक्स्टेंशनच्या लेखकानेही ते जुने झाले असे जाहीर केले. तरी कित्येकांच्या कॉम्प्युटरवर ते तसेच पडून राहिले, कारण बसवणारा बसवतो आणि विसरतो. व्हिममध्येही अशी पुष्कळ कामे आहेत. फाइलींची यादी दाखवण्याची सोय त्याच्यात मुळात आहे. नर्डट्री हे प्लगिन ती जास्त देखणी करते, हे खरे. पण जो मुलगा दिवसात चार वेळा यादी पाहतो त्याने आधी घरची वापरून पाहावी.

दुसरी गोष्ट म्हणजे, बाजारात समान माप आले असेल तर त्या मापाचा माल घ्यावा. पूर्वी प्रत्येक एडिटरसाठी प्रत्येक भाषेचे वेगळे प्लगिन लागे. पायथॉनचे व्हिमसाठी एक, इमॅक्ससाठी दुसरे, ॲटमसाठी तिसरे. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल नावाचे एक उघडे माप पुढे केले. भाषा समजणारा एक स्वतंत्र प्रोग्रॅम बनवायचा आणि कोणत्याही एडिटरने त्याच्याशी ठरलेल्या रीतीने बोलायचे. २०१४ मध्ये व्हिमपासून फुटून निघालेल्या निओव्हिमने २०२१ च्या आवृत्तीत हे माप मुळातच घातले, आणि इमॅक्सच्या २०२३ च्या आवृत्तीत एग्लॉट नावाने ते घरचे झाले. याचा फायदा असा की, उद्या एडिटर बदलावा लागला तरी कसब वाया जात नाही. गज जाऊन मीटर आला तेव्हा जुन्या लोकांनी कुरकुर केली, पण सुरतचा माल मुंबईत मोजताना भांडण मिटले, तसेच हे आहे.

तिसरी बाब, बनवणाऱ्याची खातरजमा. शेवटचा बदल केव्हा झाला? लोकांनी तक्रार लिहिली तर उत्तर येते काय? एकटा माणूस चालवतो की पाच-सहा जण आहेत? हे सारे त्या प्लगिनच्या पानावर उघडे असते, पाच मिनिटांत पाहता येते. आणि सर्वांत महत्त्वाचे, जे काम ते करतो म्हणते त्यासाठी त्याला इंटरनेट लागते काय? रंगसंगती बदलणाऱ्याने बाहेर काहीही पाठवण्याचे कारण नाही. उलट, हल्ली कोड सुचवणारी जी कृत्रिम बुद्धिमत्तेची एक्स्टेंशने आली आहेत, ती बहुतेक लिहिलेल्या मजकुराचा भाग दूरच्या सर्व्हरवर पाठवूनच काम करतात. ती वापरू नयेत असे आमचे म्हणणे नाही, काम झपाट्याने होते. पण समोर उघडलेल्या फाइलमध्ये जर एखाद्या पार्टीची उधारी आणि बँक खाते लिहिलेले असेल, तर ती पार्टीची अमानत आहे. ती कोठे जाते हे पार्टीला आधी सांगितलेले बरे. मुलाने सरावासाठी खोटी नावे आणि खोटे आकडे घालून फाइल बनवावी, खऱ्या खात्यावर सराव करू नये.

आता एवढे निवडून झाल्यावर ते सांभाळायचे कसे? येथे प्लगिन-मॅनेजर नावाचा मुकादम लागतो. व्हिममध्ये आधी फाइली हाताने उतरवून एकाच फोल्डरात कोंबाव्या लागत. कोणाची कोणती फाइल, काही पत्ता लागत नसे. २००८ च्या सुमारास टिम पोप यांच्या पॅथोजेनने प्रत्येक प्लगिनला वेगळे घर दिले. मग व्हंडल आला, आणि त्यानंतर जुनेगुन चोई यांचा व्हिम-प्लग, जो आजही चालतो. २०१६ च्या व्हिम ८ पासून तर मूळ व्हिममध्येच पॅक नावाच्या फोल्डरची रीत आली. त्यातल्या स्टार्ट या कप्प्यात ठेवले ते आपोआप चालू होते, ऑप्ट या कप्प्यातले बोलावले तरच येते. ज्याची पाच-सहाच प्लगिने आहेत त्याला वेगळा मुकादम ठेवण्याची गरजही नाही.

व्हिम-प्लगमधली एक सोय आम्हाला फार पसंत पडली. माल नव्याने उतरवल्यावर प्लग-डिफ असा हुकूम दिला, की मागच्या वेळेपासून कोणत्या प्लगिनमध्ये काय काय बदलले याची यादी समोर येते, आणि पसंत नसेल तर तो बदल मागे फिरवता येतो. ठोकात आलेली गाठ सोडून ताग्याची घडी उलगडून पाहण्यासारखे हे आहे. वीस प्लगिने असतील तर कोणी पाहत नाही, पाच असतील तर पाहून होते. तसेच प्लगिन अमुक एका आवृत्तीवर बांधून ठेवता येते. निओव्हिमसाठी लेझी नावाचा जो मॅनेजर आहे, तो बसवलेल्या प्रत्येक प्लगिनची नेमकी आवृत्ती एका फाइलीत लिहून ठेवतो. ती फाइल जपून ठेवली तर कॉम्प्युटर जळाला तरी नव्या कॉम्प्युटरवर तोच्या तोच माल पुन्हा लावता येतो. इमॅक्समध्ये मालाची कोठारे वेगवेगळी आहेत. मेल्पामध्ये लेखकाने काल केलेला बदल आज मिळतो, तर मेल्पा स्टेबलमध्ये लेखकाने आवृत्ती म्हणून शिक्का मारलेलाच माल येतो. ज्याचे पोट या कामावर आहे त्याने शिक्क्याचा माल घ्यावा, ज्याला हौस आहे त्याने ताजा घ्यावा. व्हीएस कोडमध्ये आपोआप उतरण्याची सोय बंद करता येते. त्यातही एक अडचण आहे, ती लपवून चालणार नाही. अद्ययावत न केल्याने जुन्या आवृत्तीतल्या उणिवा तशाच राहतात. म्हणून महिन्यातला एक दिवस ठरवावा, पाहून उतरवावे, एरवी हात लावू नये.

माग मंद चालू लागला की कारागीर आधी काय करतो? एकेक जोडसामान सोडवून पाहतो. व्हीएस कोडमध्ये हेच काम एक्स्टेंशन बायसेक्ट नावाच्या सोयीने होते. ती अर्धी एक्स्टेंशने बंद करते, बिघाड राहिला का विचारते, मग उरलेल्यांतली अर्धी बंद करते, आणि असे करत करत दोषी एकावर येऊन ठेपते. चाळीसांतला चोर पाच-सहा फेऱ्यांत सापडतो. व्हिम उघडताना क्लीन असा शब्द जोडला तर तो कोणत्याही प्लगिनशिवाय कोरा उघडतो, त्यावरून दोष घरचा की पाहुण्याचा ते कळते. उघडायला किती वेळ लागतो आणि तो कोणी खाल्ला याचा हिशेब स्टार्टअप-टाइम या हुकुमाने कागदावर उतरतो. व्हीएस कोडमध्ये प्रोफाइलचीही सोय आहे. बिलांच्या कामाचा एक साज, वेबसाइटच्या कामाचा दुसरा, असे वेगळे ठेवता येतात. पार्टीच्या खऱ्या हिशेबाला हात लावायचा त्या साजात दोन-तीनच एक्स्टेंशने असावीत, असे आम्ही आमच्या ओळखीच्या मुलांना सांगत असतो.

उर्दू शाळेत शिकलेला माणूस म्हणून एक गोष्ट आम्ही मुद्दाम विचारून घेतली. बिलावर उर्दू नाव किंवा मराठी पत्ता छापायचा तर एडिटरात तो नीट दिसतो काय? उत्तर असे की, हे प्लगिनच्या हातात फारसे नाही, मूळ एडिटरवर आहे. इमॅक्सने २०१२ च्या २४ व्या आवृत्तीपासून उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी आणि डावीकडून उजवीकडे जाणारी लिपी एकाच ओळीत योग्य क्रमाने दाखवण्याची सोय केली. व्हिममध्ये सारी खिडकीच उलटी करता येते, पण एका ओळीत उर्दू आणि इंग्रजी मिसळले की तो स्वतः क्रम लावत नाही, टर्मिनल लावील तर लावील. मराठी जोडाक्षरेही टर्मिनलच्या चौकटीत पुष्कळदा तुटून दिसतात. व्हीएस कोड हा आतून ब्राउझरच्या यंत्रावर चालतो, त्यामुळे देवनागरी तेथे जुळलेली दिसते. ज्याला आपल्या गावच्या दुकानांसाठी प्रोग्रॅम लिहायचे आहेत, त्याने आधी एका ओळीत अब्दुल रहमान हे नाव उर्दूत, पत्ता मराठीत आणि रक्कम इंग्रजी आकड्यांत लिहून पाहावी, आणि मग एडिटर ठरवावा. हा तपास इंग्रजीतली पुस्तके सांगणार नाहीत.

राहिला ॲटम. एके काळी तोच सर्वांत देखणा आणि सर्वांत जास्त जोडसामान असलेला एडिटर गणला जाई. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने गिटहब विकत घेतली. जून २०२२ मध्ये ॲटम बंद होणार असे जाहीर झाले आणि १५ डिसेंबर २०२२ रोजी तो बंद झाला. ज्यांनी वर्षानुवर्षे त्याचा साज जमवला होता त्यांना सहा महिन्यांत दुसरा माग शोधावा लागला. काही लोकांनी पल्सार नावाने तो पुढे चालवला आहे, हे त्यांचे कौतुक. उलट व्हिमचे मूलेनार ३ ऑगस्ट २०२३ रोजी वारले, तेव्हा पुष्कळांना वाटले की तीस वर्षांहून जास्त काळ एका माणसाच्या हाती चाललेले हे काम आता थांबणार. पण सहकाऱ्यांनी ते हाती घेतले आणि २ जानेवारी २०२४ रोजी व्हिम ९.१ बाहेर पडला, तो मूलेनार यांनाच अर्पण केलेला. मोठ्या कंपनीचा माल टिकतो आणि एकट्याचा बुडतो असा हिशेब येथे चालला नाही. म्हणून मूळ एडिटर कोणताही घ्या, पण आपला साज कोणत्या फाइलीत लिहिलेला आहे आणि तिची नक्कल कोठे आहे, हे मुलाला विचारून ठेवा. पेन ड्राइव्हवर असेल तरी चालेल.

ज्यांना यंदा गोदामाचा किंवा बिलांचा प्रोग्रॅम करून घ्यायचा आहे, त्यांनी ऑर्डरच्या कागदावर किंमत आणि मुदत यांच्याखाली आणखी तीन ओळी लिहून घ्याव्यात, अशी आमची सूचना आहे. काम करताना एडिटरात कोणकोणती प्लगिने बसवलेली आहेत, त्यांची आवृत्तीसह यादी. आमची खरी खाती उघडताना कृत्रिम बुद्धिमत्तेचे सुचवणारे एक्स्टेंशन चालू असणार की बंद. आणि काम संपल्यावर आमच्या खात्यांच्या नकला त्याच्या कॉम्प्युटरवरून केव्हा पुसल्या जातील, ती तारीख. सचोटीचा मुलगा या ओळींनी नाराज होत नाही. आम्ही ज्या दोघांना हा कागद दाखवला, त्यांपैकी एकाने यादी तेथेच लिहून दिली, आणि दुसऱ्याने यादी लिहायला बसल्यावर अठरा एक्स्टेंशने काढून टाकली.